मे महिना, कूलर आणि आमचे हिरवे कण

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या लॅबचा एसी गेला. गेला म्हणजे आधी दोन दिवस नुसता घुरघुरला, मग गरम वारा फेकायला लागला आणि तिसऱ्या दिवशी गप्पच झाला. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात एसी जाणं म्हणजे काय हे इकडच्या माणसाला सांगायला नको, बाहेर पंचेचाळीस, आत भिंती रात्रभर तापलेल्या, टेबलाला हात लावला तरी गरम. तक्रार लिहून दिली, "माणूस पाठवतो" असं उत्तर आलं, माणूस काही आला नाही. शेवटी लॅबमधल्या भाऊंनी शेजारच्या खोलीतला जुना लोखंडी कूलर ढकलत ढकलत आणला, टाकीत चार बादल्या पाणी ओतलं, दार-खिडक्या लावून घेतल्या आणि म्हणाले, "घ्या ताई, आता बसा गारेगार."

आणि मी बसले की! पीएचडीची दोन वर्षं ज्या पाण्यापासून मी माझे कण लपवत होते तेच पाणी मोटर लावून, गवताच्या पॅडमधून गाळून, थेट माझ्या टेबलावर फेकलं जातंय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उन्हानं माणसाची अक्कल वितळते ते असं.

आता हे कण म्हणजे काय ते सांगते, कारण घरी गेले की आबा दरवेळी विचारतात, "काय करून राह्यली गं तू तिथं, अजून संपलं नाही का तुझं?" आबा केळीवाले, रावेरकडे आमची थोडी बाग आहे. त्यांना मी एकदा नोटा तपासायची ती छोटी जांभळी टॉर्च आणि एक सीलबंद वाईल, म्हणजे काचेची छोटी बाटली, घेऊन दाखवलं होतं. दिवसा बघितलं तर वाईलमध्ये नुसतं पिवळसर-हिरवट पाणी, उसाच्या रसात आणखी पाणी घातल्यासारखं. खोलीत अंधार करून टॉर्च मारली की इतका कडक हिरवा उजेड की आबांनी पहिल्यांदा वाईलच्या खाली बघितलं, सेल कुठंय म्हणून.

सेल बिल नाही. ते सीझियम, लेड (म्हणजे शिसं) आणि ब्रोमिनचे स्फटिक आहेत, पेरोव्हस्काइट म्हणतात त्या ठेवणीचे. नाव जुनं आहे, १८३९ साली गुस्टाव रोझे या जर्मन माणसाला उरल डोंगरात कॅल्शियम टायटॅनेटचं खनिज सापडलं आणि त्यानं ते लेव्ह पेरोव्हस्की या रशियन सरदाराच्या नावावर टाकलं. आमच्या स्फटिकात कॅल्शियम पण नाही आणि टायटॅनियम पण नाही, फक्त अणूंच्या बसण्याची पद्धत ती, आठ कोपऱ्यांत लेड, प्रत्येक लेडच्या चारी बाजूंना आणि वर-खाली मिळून सहा ब्रोमिन, आणि मधल्या पोकळीत सीझियम. याचे नॅनो आकाराचे कण २०१५ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या कोव्हालेन्कोंच्या ग्रुपनं केले आणि तिथून सगळं जग मागे लागलं. कारणही तसंच होतं. ४ ते १५ नॅनोमीटरचे कण, क्लोरीन-ब्रोमिन-आयोडिनचं प्रमाण बदललं की ४१० पासून ७०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत हवा तो रंग, म्हणजे जांभळ्यापासून लालपर्यंत, आणि शंभर प्रकाशकण आत घातले तर ९० पर्यंत बाहेर. शिवाय रंग अगदी नेमका, हिरवा म्हणजे हिरवाच, त्यात पिवळा मिसळलेला नाही. टीव्हीवाल्यांना नेमकं हेच पाहिजे असतं.

आणि करायला सोपे, ही गंमत बघा. तीन तोंडांचा फ्लास्क, त्यात ऑक्टाडेसिन नावाचं तेलासारखं द्रव, लेड ब्रोमाइड, ओलेइक ॲसिड, ओलेइलअमाइन. व्हॅक्युमवर १२० अंशाला ठेवून आधी ओल काढायची, मग नायट्रोजन सोडून १८० पर्यंत तापवायचं आणि गरम सीझियम ओलिएटची सिरिंज एका झटक्यात मारायची. पाच सेकंद. पाच सेकंदात फ्लास्क हिरवा होतो आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवावा लागतो, नाहीतर कण मोठे होत जातात. आमचं बर्फाचं मशीन कायम बंद, त्यामुळं मी बर्फ गेटबाहेरच्या रसवंतीवाल्याकडून आणते. तो आता मला बघितलं की विचारतो, "ताई, रस की नुसता बर्फ?"

पाच सेकंदात जे बनतं ते पाच सेकंदात मोडणारही, हे मला सुरुवातीला कळायला पाहिजे होतं. सिलिकॉन किंवा कॅडमियम सेलेनाइडसारख्या गोष्टीत अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, ते करायला पण त्रास आणि मोडायला पण त्रास. पेरोव्हस्काइट मात्र मिठासारखं आहे, नुसतं प्लस-मायनसच्या ओढीवर उभं, त्यामुळं पाण्यात टाकलं की मिठासारखंच वागतं. (अगदी मिठासारखं विरघळून जात नाही, सीझियम ब्रोमाइड सुटून निघून जातं आणि मागं भलतंच काहीतरी पांढरं उरतं, पण उजेड जायचा तो जातोच.) या मऊपणाचा फायदाही आहे. आत एखादी जागा रिकामी राहिली, एखादा ब्रोमिन कमी पडला तरी त्याचा उजेडावर दुसऱ्या पदार्थांइतका परिणाम होत नाही, पोरं याला डिफेक्ट टॉलरन्स म्हणतात. पण फायदा आणि तोटा एकाच पोटातले आहेत, एक ठेवून दुसरा काढता येत नाही.

खरी अडचण पृष्ठभागाची. साधा हिशोब करा. स्फटिकातलं एक घर साधारण ०.५९ नॅनोमीटरचं. म्हणजे दहा नॅनोमीटरच्या कणात एका कडेला सतरा घरं बसली. सतरा गुणिले सतरा गुणिले सतरा, ४९१३ घरं. त्यातली बाहेरच्या भिंतीला न लागणारी किती, तर पंधरा गुणिले पंधरा गुणिले पंधरा, ३३७५. उरलेली दीड हजारांच्या वर घरं रस्त्यावर उघडी! म्हणजे गावातली जवळजवळ एक तृतीयांश घरं वेशीवरची, मग गाव वाचवायचं म्हणजे वेसच सांभाळायची, आत कितीही पक्कं बांधा.

ही वेस सांभाळायला ओलेइक ॲसिड आणि ओलेइलअमाइन ठेवलेले असतात, लिगँड म्हणतात त्यांना. ओलेइक ॲसिड काही परकं नाही, शेंगदाण्याच्या तेलात त्याचा मोठा वाटा असतो, भरताला फोडणी देता तेव्हा कढईत तेच असतं. अठरा कार्बनची लांब शेपटी, एका टोकाला स्फटिकाला धरणारं डोकं. शेपट्या बाहेर, त्या तेलकट, म्हणून कण टोल्युइन या द्रवात तरंगतात आणि पाणी जरा लांब राहतं, केळीच्या पानावरून थेंब घसरतो तसं. पण पकड? पकड सैल. ॲसिड आपला प्रोटॉन अमाइनला देतं, तो प्लस झाला की पृष्ठभागावर सीझियमच्या जागी जाऊन बसतो, थोड्या वेळानं प्रोटॉन परत जातो, दोघंही मोकळे, दोघंही उठून निघाले. २०१६ मध्ये बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या लोकांनी एनएमआरवर, म्हणजे रेणू कुठं कसे आहेत ते बघायच्या यंत्रावर, हे दाखवलं की हे लिगँड सतत उठबस करतात. मला तर ते वाचताना जळगावचं बसस्टँडच दिसलं. बाकडं कायम भरलेलं, पण कुठलाही माणूस दहा मिनिटांच्या वर तिथं नाही. जोवर नवीन माणसं येतायत तोवर ठीक, रात्री दोनला जाऊन बघा.

रात्रीचे दोन म्हणजे धुणं. कण केल्यावर जास्तीचं तेल काढावं लागतं, नाहीतर फिल्म, म्हणजे काचेवरचा पातळ थर, नीट बनत नाही, आणि तेल काढायला ॲसिटोन किंवा इथाइल ॲसिटेट टाकून सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवतात. ते तेलाबरोबर लिगँडही ओढून नेतं. एकदा धुतलं तर उजेड कमी, दोनदा धुतलं तर खाली साका, तिसऱ्यांदा धुवायची हिंमत मी एकदाच केली. आमच्याकडं एमएस्सीचा प्रोजेक्ट करणारा धुळ्याचा एक पोरगा आहे, तो टॉर्च मारून अंधारात बसला होता, म्हणाला, "काय व्हयनं वं ताई, लाईट गई का?" लाईट कणांची गेली होती.

बरं, पाणी आणि धुणं एवढंच नाही. याच पोरानं एकदा हिरवी वाईल आणि लाल वाईल, म्हणजे ब्रोमाइडवाली आणि आयोडाइडवाली, एकत्र ओतून बघितली, पांढरा उजेड मिळेल म्हणून. मिळाला पिवळा-नारिंगी, आणि तो पण डोळ्यांदेखत सरकत गेलेला. ब्रोमिन इकडून तिकडं, आयोडिन तिकडून इकडं, सगळे कण मधल्या कुठल्यातरी रंगावर येऊन थांबले. रंग हवा तसा बदलायला ही अदलाबदल फार कामाची, २०१५ पासून लोक तिचा वापर करतात, पण टीव्हीच्या एकाच फिल्ममध्ये हिरवे आणि लाल शेजारी ठेवायचे तर मधे भिंत पाहिजेच. आणि लाल आयोडाइडची तर आणखी वेगळी तऱ्हा, तो काही न करता नुसता ठेवला तरी पिवळा पडतो, उजेड न देणारा पिवळा, कारण लेड-आयोडिनच्या मोठ्या पिंजऱ्यात सीझियम लहान पडतो आणि पिंजरा वाकडा होतो. इथं मात्र नॅनो असणं उपयोगी पडलं, छोट्या कणात पृष्ठभागाच्या ताणामुळं तो लाल उजेड देणारा चांगला प्रकार (त्याला काळा प्रकार म्हणतात) साध्या तापमानाला टिकवता येतो. हे २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं, मिथाइल ॲसिटेटनं बेतानं धुऊन सोलर सेलसुद्धा केले होते, आणि त्यात पहिलं नाव अभिषेक स्वर्णकार यांचं होतं, जे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अंगशुमन नाग यांच्याकडं या कणांवर काम करत होते आणि तिथून अमेरिकेतल्या एनआरईएल या ऊर्जा प्रयोगशाळेत गेले. पुण्याचं नाव बघून आम्हाला उगीचच आनंद. खान्देशातून पुणं लांब आहे पण झुरिकपेक्षा जवळ.

तर कूलर.

त्या दिवशी माझ्याकडं दोन कामं चालू होती. एक, नेहमीचे ओलेइकवाले कण काचेवर फिरवून फिल्म करणं. दुसरं, कणांना सिलिकाचं, म्हणजे काचेचं, कवच घालणं, ज्यात मी तीन आठवडे हात पोळून घेत होते. कवचाची कल्पना अशी की सैल लिगँडच्या जागी एपीटीईएस नावाचं एक रसायन टाकायचं. त्याच्या एका टोकाला अमाइन, ते स्फटिकाला ओलेइलअमाइनसारखंच धरतं, आणि दुसऱ्या टोकाला सिलिकॉनवर तीन हात. या तीन हातांना पाणी लागलं की ते मोकळे होतात आणि शेजाऱ्याच्या हाताला धरतात, सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन, असं करत करत कणाभोवती काचेचं जाळं विणलं जातं. बाकड्यावरची माणसं उठून जाणारी, पण त्यांचे हात एकमेकांत गुंफले तर एकट्याला उठता येत नाही, तसं.

वाक्य परत वाचा, "पाणी लागलं की". मी वाचलं नव्हतं. म्हणजे वाचलं होतं, पण दोन वर्षं पाणी म्हणजे शत्रू हेच डोक्यात, त्यामुळं मी काय करत होते तर टोल्युइन कडक कोरडं केलेलं, फ्लास्कला बूच, आणि बूच नसेल तेव्हा बाहेर जळगावची मे महिन्याची हवा, जिच्यात ओलावा पंधरा टक्क्यांच्या आसपास, दुपारी ओला टॉवेल अर्ध्या तासात पापड होतो. विणायला सूतच नाही. तीन आठवडे रोज कण बाहेर काढायचे, वाईलमध्ये पाणी घालून हलवायचे, टॉर्च मारायची आणि काही मिनिटांत उजेड गेलेला बघायचा. सरांनी एकदा विचारलं, "पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तू नक्की एपीटीईएसच टाकतेयस ना?"

कूलर लागला तेव्हा आमच्या भिंतीवरच्या आर्द्रतामापकावर किती होतं ते मी बघितलंच नाही, संध्याकाळी बघितलं तेव्हा ६८ होतं. बंद खोलीत कूलर, दुसरं काय होणार. दुपारी चारला लाईट गेली, मी वैतागून घरी निघाले, आणि घाईत एपीटीईएसवाला फ्लास्क स्टररवर, म्हणजे ढवळायच्या यंत्रावर, तसाच उघडा राहिला. लाईट आली असणार, कूलर चालू, स्टरर चालू, रात्रभर दोघं आपापलं काम करत बसले.

सकाळी येऊन बघते तर काचेवरच्या सगळ्या फिल्म मेलेल्या. पूर्ण काळोख नाही, पण वांग्यावर कीड पडावी तसे डाग, कडा बऱ्या, मधे काही नाही. पंधरा फिल्म, आठवड्याचं काम. मी भाऊंना काहीतरी बोलून गेले, नंतर माफी मागितली, त्यांची काय चूक, त्यांनी तर माणुसकी केली. मग नजर फ्लास्ककडं गेली. गढूळ झाला होता, तांदळाच्या धुवणासारखा. म्हणलं हा पण गेला. ओतून टाकणार होते खरंच, पण सवय म्हणून टॉर्च मारली आणि तो हिरवाच. थोडा बाजूला काढला, पाणी घातलं, जोरात हलवलं. हिरवा. चहा पिऊन आले. हिरवा. दुपारी डबा खाल्ला, कळण्याची भाकरी आणि ठेचा, एक हात भाकरीवर आणि एक डोळा वाईलवर, तरी हिरवा. संध्याकाळी फिकट झाला होता पण होता.

सरांना दाखवलं तर ते हसायला लागले. कपाटातून २०१६ चा एक रिसर्च पेपर काढला, एपीटीईएसनं हे कवच घालायची रीत तेव्हाच लिहून ठेवलेली, आणि पाणी वेगळं टाकायचं नाही, हवेतल्या ओलाव्यावर सावकाश होऊ द्यायचं हे पण त्यात. मी तो पेपर चार वेळा वाचलेला, हायलायटर मारलेला! हवेचा उल्लेख मला साधा वाटला कारण हवा काय, सगळीकडं असते. जिथं हवा मुळातच दमट तिथं हे आपोआप होऊन जात असेल, करणाऱ्याला कळत पण नसेल की आपल्या फ्लास्कमध्ये आणखी एक रसायन पडतंय. आमच्याकडं मे महिन्यात ते रसायन संपलेलं असतं.

मग अर्थातच प्रश्न आला की किती. कारण ही शर्यत आहे, पाणी एका बाजूनं कवच विणतंय आणि दुसऱ्या बाजूनं कण खातंय, कवच आधी पूर्ण झालं तर आपण जिंकलो. कूलरच्या भरवशावर शर्यत लावता येत नाही. आर्द्रता हवी तेवढी धरून ठेवणारी पेटी महाग असते, पण त्याला एक जुना स्वस्त उपाय आहे आणि तो मला फार आवडतो. हवाबंद डब्यात तळाला खायच्या मिठाचं गच्च द्रावण ठेवा, इतकं मीठ की थोडं न विरघळता खाली उरलं पाहिजे, म्हणजे डब्यातली हवा पंचवीस अंशाला ७५ टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते, कमी नाही जास्त नाही. मिठाऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड ठेवलं तर ३३ टक्के. मधलं काही हवं असेल तर वेगळं मीठ. मी स्वयंपाकघरातले तीन स्टीलचे डबे आणले, आईला अजून माहीत नाही, झाकणाला रबर लावलं, आत फ्लास्क आणि छोटा स्टरर. मॅग्नेशियम क्लोराइडच्या डब्यात कवच अर्धवट. खायच्या मिठाच्या डब्यात गढूळपणा लवकर येतो पण उजेड निम्म्याहून खाली जातो, पाणी पुढं निघून जातं. मधल्या आर्द्रतेच्या डब्यात बरं जमतं. बरं म्हणजे रोज सारखं नाही, दहातली सहा-सात बॅच चांगली, हे पण लिहून ठेवते, कारण पेपरमध्ये कोणी लिहीत नाही.

इथं मला जरा भांडायचंय. या विषयातला प्रत्येक दुसरा पेपर 'अत्यंत स्थिर' म्हणतो. अत्यंत स्थिर म्हणजे कुठं? बंद बाटलीत, पंचवीस अंशाला, एसी खोलीत, तीस दिवस. अहो, पंचवीस अंश आमच्याकडं फक्त डिसेंबरात असतं आणि तेव्हा लोक शेकोटी करतात. सोलर पॅनेलवाल्यांची एक सरळ परीक्षा आहे, ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता, १००० तास, मग बोला. आमच्या कणांना त्या खोलीत नुसतं डोकावायला लावलं तरी बहुतेक 'अत्यंत स्थिर' घामाघूम होतील. म्हणजे ज्यांनी खरंच टिकवलेत त्यांनी कणांना काचेच्या आत किंवा छिद्रं असलेल्या सिलिकात कोंडून, भट्टीत तापवून छिद्रंच बंद करून टाकलीत, २०२० मध्ये तसं एक काम आलं, ते मातीच्या भांड्यासारखं पक्कं होतं. मला ते डोक्यानं पटतं पण मनाला थोडं लागतं, एवढा नाजूक कण करायचा आणि मग विटेत चिणायचा.

आणि विटेत चिणला की तिच्यातून वीज जात नाही. हा खरा पेच आहे. टीव्हीच्या मागे निळा एलईडी आणि त्याच्यासमोर आमची हिरवी फिल्म, एवढंच काम असेल तर वीट चालते, कणाला फक्त निळा उजेड घेऊन हिरवा द्यायचाय. पण कणांमधून थेट वीज सोडून दिवा करायचा, जसा केंब्रिजमध्ये २०१४ ला पेरोव्हस्काइटचा (कणांचा नव्हे, सलग थराचा) पहिला साध्या तापमानाला चालणारा एलईडी झाला आणि २०१८ पर्यंत ज्याची कार्यक्षमता वीस टक्क्यांच्या वर गेली, तिथं कवच पातळ पाहिजे, लिगँड आखूड पाहिजे, वीज आत शिरली पाहिजे. आणि वीज शिरली की स्फटिकातले आयन स्वतःच जागा सोडून चालायला लागतात. म्हणून त्या दिव्यांचं आयुष्य अजून मागे आहे. तिथं काचेपेक्षा लिगँड सुधारणं हाच रस्ता, आणि झुरिकवाल्यांनी तिथं एक फार सुंदर गोष्ट केली. एकाच रेणूवर प्लस पण आणि मायनस पण, म्हणजे प्रोटॉन देवाणघेवाणीचा प्रश्नच मिटला, दोन्ही हातांनी एकाच वेळी धरणारा लिगँड. २०१८ मध्ये असे कृत्रिम रेणू केले आणि २०१९ मध्ये दाखवलं की सोयाबीनचं लेसिथिन पण हे काम करतं. लेसिथिन! बिस्किटाच्या पुड्यामागं बारीक अक्षरात ३२२ लिहिलेलं असतं ना, तेच. आबांना सांगितलं तर म्हणाले, "मग सोयाबीनला भाव येईल का?" म्हणलं आबा, एका ग्रॅममध्ये माझी पीएचडी होईल, भाव नाही येणार.

शिशाचं पण बोलायला पाहिजे, लोक विचारतात आणि विचारायलाच पाहिजे. यात लेड आहे आणि लेड विषारी आहे. युरोपच्या नियमात इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या एकेका पदार्थात लेडची मर्यादा १००० पीपीएम (म्हणजे दहा लाखांत हजार भाग), कॅडमियमची १००. फिल्ममध्ये कण थोडेच लागतात हे खरं, पण फुटलेली फिल्म शेवटी भंगारात आणि भंगार शेवटी नाल्यात जातं. लेडच्या जागी टिन टाकून बघितलं तर ते हवेत लगेच बिघडतं. त्यामुळं मला कवचाचं काम आणखी महत्त्वाचं वाटतं, ते पाणी आत जाऊ देत नाही तसंच शिसं बाहेर येऊ देत नाही, निदान बराच काळ. आणि म्हणूनच उघडी वाईल मी घरी कधीच नेत नाही. कचरा वेगळ्या डब्यात जातो, बेसिनमध्ये नाही. तो डबा भरत आला की मला आयुष्याचा हिशोब समोर दिसतो.

एसी जूनच्या सुरुवातीला दुरुस्त झाला, माणूस आला, दहा मिनिटांत काम झालं, पंधरा दिवस कशाला लागले ते तोच जाणे. तोवर मी आणखी एक उद्योग करून ठेवला. मिठाच्या डब्यांतल्या बॅचमधून चार पट्ट्या केल्या, कण पीएमएमएमध्ये, म्हणजे ॲक्रिलिकमध्ये घोळवून, दोन काचांच्या मध्ये, चारी कडा इपॉक्सीनं बंद. एक साधी ओलेइकवाली, तीन कवचवाल्या. त्या घरी नेऊन गच्चीवरच्या पत्र्याला चिकटवल्या, जिथं दुपारी चप्पल काढून पाऊल टाकलं तर माणूस नाचतो. आबांना टॉर्च दिली आणि सांगितलं, रोज रात्री जेवण झाल्यावर फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाका. आबांना वाटलं तीन-चार दिवसांचं काम.

साधी पट्टी पहिल्याच आठवड्यात गेली. दुसऱ्या नंबरची काच कोणीतरी, बहुतेक माकडानं, उचकटली आणि पहिल्या पावसात तिचा पांढरा ठिपका उरला. एक गोष्ट मला दुपारच्या व्हिडिओ कॉलवर कळली, भर उन्हात आबांनी पोत्याखाली अंधार करून टॉर्च मारली तर तिसरी पट्टी एकदम मंद, माझ्या पोटात गोळा, आणि त्याच रात्रीच्या फोटोत परत लख्ख. तापली की उजेड उतरतो, गार झाली की परत येतो, ते मरणं नव्हे, ती ग्लानी. पुस्तकात दोन्हींना वेगळी नावं आहेत पण पोत्याखाली वाकलेल्या आबांना बघून जे समजलं ते पुस्तकातून समजलं नव्हतं.

आता पाऊस चांगला लागलाय, हवेत ओलावा भरपूर, मिठाच्या डब्यांची वेगळी कसोटी सुरू झालीये कारण आता डबा उघडला की बाहेरचीच हवा आत येते. काल रात्री आबांचा फोटो आला. तिसरी हिरवी, चौथी जरा फिकट पण हिरवी, आणि तिसरीच्या उजेडात किडे टिपायला एक पाल येऊन बसलेली. खाली आबांनी लिहिलं होतं, "हिला काढू की राहू देऊ?"

म्हणलं राहू द्या, फक्त काचेला धक्का लागू देऊ नका.